यादी

पहाटे निघालो तेव्हा यादी माझ्याकडे होती.
डिग्बीकडे दुर्बीण, तीही एका डोळ्याची,
दुसऱ्या काचेचा निकाल त्यानं मागच्या नाताळातच लावला होता.
कांगारू, वॉलबी, इमू, कोआला, एकिडना,
प्लॅटिपस (त्याच्याखाली दोन रेघा)
आणि शेवटी, जागा उरली म्हणून, वॉम्बॅट.

नोलीन आत्या गाडी चालवायची
तशी ती सगळंच करायची, एक हात मोकळा ठेवून.
कुरणांवर दहिवर गोठलेलं. हीटर बंद पडलेला.
पुलाच्या अलीकडे तिनं ब्रेक दाबला
आणि म्हणाली, "तुम्ही आतच बसा."
आम्ही अर्थातच उतरलो.

लांबून धान्याचं पोतं.
जवळ गेल्यावर मिशा, मिशांवर बर्फाची कणी.
"वॉम्बॅट मेला," डिग्बी म्हणाला.
आत्यानं भांडी घासायचे पिवळे हातमोजे चढवले,
त्याला उलथा केला, वाकून पाहिलं.
"मेला नाही. मेली."

वॉम्बॅटची पिशवी मागच्या बाजूला उघडते,
बीळ खणताना पिलावर माती उडू नये म्हणून.
हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं,
मनगटापर्यंत आत गेलेल्या त्या पिवळ्या हातानं सांगितलं.

रिकामी.
पण एक आचळ लांबलेलं होतं.
"हिचं पिल्लू चालतंय," आत्या म्हणाली. "इथंच असेल कुठंतरी."
दहा मिनिटं आम्ही गवत तुडवलं, बूट भिजले.
सापडल्या त्या फक्त लेंड्या,
चौकोनी, एका दगडावर फाशांसारख्या मांडलेल्या.
एरवी डिग्बी हसून लोळला असता.

आत्यानं डिकीतून रंगाचा डबा काढला,
पाठीवर गुलाबी फुली मारली,
म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं की कुणीतरी पाहून गेलंय.
गाडीत बसल्यावर डिग्बीनं विचारलं,
"हिला मोजायचं का?"

अभयारण्याच्या फाटकाशी टॅमसिन नावाची वनरक्षक
नकाशा देत म्हणाली, "कोआला आज खालच्या फांदीवर आहे, नशीब काढलंत."
कोआला झोपला होता. खूण केली.
कांगारू इतके, की पंधरानंतर आम्ही नाद सोडला.
इमूनं माझं व्हेजिमाइटचं सँडविच पळवलं
आणि चार पावलांवर थुंकून टाकलं.
एकिडना वाट ओलांडत होता
हिशेबाच्या वहीत कुठंतरी दोन पैसे चुकलेत अशा चालीनं.

प्लॅटिपससाठी डबक्याशी तासभर बसलो.
मग पाण्यावर बुडबुड्यांची ओळ,
एक तपकिरी पाठ, पापणी लवेपर्यंत,
आणि डिग्बीनं नेमकी फुटकी काच डोळ्याला लावलेली.
"होता," मी म्हटलं.
"नव्हता."
"एकीनं पाहिला म्हणजे सगळ्यांनी पाहिला," आत्या म्हणाली,
आणि थर्मास उघडला. चहा कोमट झाला होता.

खरं सांगायचं तर दिवसभर माझी मान वर झालीच नाही.
लोक नीलगिरीच्या शेंड्यांत पोपट शोधत होते,
मी झुडपांच्या बुडाशी बघत होते
पोत्याहून लहान काहीतरी.

परतताना ऊन कललेलं. पुलापाशी आत्यानं
कुणी काही न बोलता गाडी बाजूला घेतली,
इंजिन बंद केलं, काच अर्धी उतरवली.
मधल्या वेळात कुणीतरी थांबून गेलं होतं,
तिला रस्त्यापासून आणखी आत, झाडाखाली ओढून ठेवलं होतं.
एक ट्रक गेला. आमची गाडी हलली.
मग बराच वेळ काहीच गेलं नाही.
मी वॉम्बॅटपुढे पेन्सिल टेकवली
आणि तशीच धरून ठेवली.

गवत हललं.

वारा नव्हता, असं मी आजही म्हणते.
डिग्बी म्हणतो, होता.
आत्या काहीच म्हणाली नाही.
तिनं मांडीवरचे हातमोजे उचलले,
गळ्यातला लोकरी मफलर सोडला,
आणि दार उघडलं, इतकं हळू
की गाडीतला दिवा लागायचं विसरला.